पद्मिनीचं आतलं काम घरी: कुठलं सामान टिकतं, कुठलं दोन पावसाळ्यांत मान टाकतं

प्रीमियर पद्मिनी आतून नव्यासारखी करायची ठरली की बहुतेक जण आधी रेक्झिनचा रंग निवडायला बसतात. पैसाही तिथेच जातो. पण दोन-तीन वर्षांनी तीच गाडी उघडून बघा, बिघडलेलं असतं ते बहुधा रेक्झिन नसतंच. टपाच्या कडेचा गोंद सुटलेला असतो, दरवाज्याच्या पॅडमागचा हार्डबोर्ड पाणी पिऊन वाकलेला असतो, गादीचा फोम बसलेला असतो आणि मॅटखालचा पत्रा गंजायला लागलेला असतो. म्हणून या परीक्षणात सामान वरून खाली नाही, खालून वर तपासलं आहे. जे दिसत नाही त्यावर पैसे आधी खर्च करा, रेक्झिन मग घ्या, हेच आमचं मत.

गाडीबद्दल थोडं. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून विकली गेली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून. सांगाडा तोच असला तरी एवढ्या वर्षांत सीट, डॅशबोर्ड, हँडल, स्टिअरिंग बदलत गेलं. त्यामुळे ‘पद्मिनीचं’ म्हणून मिळालेला भाग आपल्या सालाला बसेलच असं नाही. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवली गेली होती, आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी ती रस्त्यावरून उतरली. जुन्या टॅक्स्या तोडून निघणारा माल आता आटत जाणार. म्हणून वाकलेली पट्टी, चिरलेलं स्टिअरिंग, झिजलेलं हँडल चटकन भंगारात देऊ नका. बहुतेक गोष्टी दुरुस्त होतात.

गोंद: फेविकॉल एसआर ९९८

सुतार सनमायका चिकटवायला वापरतात तोच हा पिवळसर, सिंथेटिक रबराचा गोंद. घरच्या कामासाठी पहिली पसंती यालाच. पत्रा, हार्डबोर्ड, रेक्झिनची कापडी पाठ, ज्यूट, फोम, सगळ्याला तो धरतो, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि लहान डब्यातही येतो. टपाच्या कडा, चार दरवाजे, मधले खांब आणि इकडचं-तिकडचं धरून एका गाडीला साधारण दीड ते दोन लिटर लागतो. मोठा एकच डबा घेण्यापेक्षा अर्ध्या लिटरचे तीन-चार घ्या. उघडा राहिलेला डबा घट्ट होतो, मग त्यात कुठलंही थिनर ओतून तो पातळ करण्याचा मोह होतो, आणि पकड तिथेच कमी होते.

लावायची पद्धत सोपी आहे, पण घाई चालत नाही. गोंद दोन्ही बाजूंना लावायचा, पातळ आणि सारखा. मग दहा ते पंधरा मिनिटं थांबायचं. बोटाची मागची बाजू टेकवून बघा: तार सुटली तर अजून ओला आहे, बोट कोरडं परत आलं तर जोडायची वेळ झाली. जोडल्यावर तासभर दाबून ठेवण्याचा उपयोग नाही. या गोंदाला वेळ लागत नाही, जोर लागतो. कापड गुंडाळलेलं लाटणं मधून कडेकडे जोरात फिरवलं की काम होतं. एकदा टेकलेलं पुन्हा उचलून सरकवता येत नाही, म्हणून दोन भागांच्या मध्ये प्लॅस्टिकचा कागद ठेवा आणि तो थोडा थोडा ओढत पुढे जा.

काम फसतं ते चार कारणांनी. पहिलं म्हणजे ओलं असतानाच जोडणं. आत कोंडलेलं थिनर उन्हात फुगतं आणि रेक्झिनवर टेंगळं येतात. दुसरं, पावसाळी हवा. थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि गोंदावर पांढुरकी साय धरते. ती साय आली की दोन्ही थर एकमेकांना धरतच नाहीत. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम हातात घेऊ नये. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. मे महिन्यात उलट होतं: तापलेल्या पत्र्यावर गोंद पाच मिनिटांत मरतो. त्या दिवसांत सकाळी आठच्या आत काम उरका. तिसरं कारण खालचा रंग. जुन्या डुको रंगावर (थिनरमध्ये विरघळणारा नायट्रोसेल्युलोजचा रंग) हा गोंद लावला की त्यातलं थिनर रंगच मऊ करतं, मग गोंद रंगाला धरतो पण रंग पत्र्याला धरत नाही. गोंद बसणाऱ्या कडेवरचा डुको खरवडून तिथे दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर मारा. चौथं कारण सहसा कोणी सांगत नाही. रेक्झिन म्हणजे पीव्हीसी, आणि तिला मऊ ठेवणारं तेल वर्षानुवर्षं बाहेर झिरपत राहतं. मागे कापड असेल तर ते तेल गोंदापर्यंत सहसा पोचत नाही. कापड नसलेली नुसती पीव्हीसी शीट असेल तर ते थेट रबरी गोंदात उतरतं आणि गोंद पुन्हा चिकट, लिबलिबीत होतो. अशा शीटला चपलांच्या तळव्यांसाठी येतो तो पॉलियुरेथेनचा गोंद वापरावा.

पांढरा फेविकॉल लाकडासाठी उत्तम, पण पत्रा आणि रेक्झिन यांच्यामध्ये त्यातलं पाणी सुकायला वाटच मिळत नाही. फेविक्विक फक्त तुटलेल्या कठीण तुकड्यांना, तेही काळ्या प्लॅस्टिकपासून लांब, कारण त्याची वाफ बसून आजूबाजूला पांढरे डाग पडतात. स्प्रेच्या डब्यातले सर्वसाधारण गोंद फोम गोणपाटावर धरून ठेवण्यापुरते ठीक. टपाला अजिबात नको. उन्हात उभ्या बंद गाडीचा टप साठ-सत्तर अंशांपर्यंत सहज तापतो आणि तेवढ्यात हे गोंद सुटतात.

एक सूचना कळकळीची. हा गोंद ज्वालाग्राही आहे आणि त्याची वाफ खाली, जमिनीलगत साठते. चारही दरवाजे उघडे ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, आणि काम चालू असताना घरातला गॅस किंवा देव्हाऱ्यातली समई जवळपास पेटलेली नको.

टपाचं अस्तर

सगळ्यांत अवघड काम हेच, आणि सगळ्यांत समाधानाचंही. आजच्या गाड्यांत टपाचं अस्तर पुठ्ठ्यावर चिकटवलेलं असतं. पद्मिनीत ते लोखंडी तारांच्या कमानींवर टांगलेलं आणि कडांना ताणून चिकटवलेलं असतं. म्हणून नव्या गाड्यांचं फोमची पाठ असलेलं कापड इथे घेऊ नका. त्याचा तीन मिलिमीटरचा फोम दमट हवेत काही वर्षांत भुगा होतो आणि डोक्यावर पडायला लागतो. पातळ, ०.६ ते ०.७ मिमीची, मऊ कापडी पाठीची रेक्झिन घ्या. ५४ इंच पन्ह्यात तीन मीटर पुरते.

जुनं अस्तर ओढून फाडू नका, तोच तुमचा नमुना आहे. प्रत्येक कमानीला पुढून मागे क्रमांक लिहिलेली पट्टी लावा, कारण प्रत्येकीचा बाक वेगळा असतो आणि दोन कमानींची अदलाबदल झाली तर टपाला मधेच पोट सुटतं. शिलाई उसवून तुकडे टेबलावर सपाट पसरा, नव्या रेक्झिनवर उतरवा आणि कडांना चारही बाजूंनी सात-आठ सेंमी जास्त सोडा. तारा ज्यातून जातात त्या नळ्या पॉलिस्टर कापडाच्या शिवा. सुती कापड कुजतं.

तारांकडे दुर्लक्ष झालं की अस्तरावर एक-दोन वर्षांत आडव्या तपकिरी रेघा उठतात. तो गंज असतो, कापडातून वर आलेला, आणि धुऊन जात नाही. तारा पॉलिश पेपरने घासा, प्रायमर मारा आणि त्यावर वायरिंगवाल्याकडे मिळते ती श्रिंक स्लीव्ह चढवून गरम हवेने आवळा. खर्च किरकोळ आहे आणि अस्तराचं आयुष्य त्यामुळे कितीतरी वाढतं. या सगळ्या यादीत इतक्या कमी पैशांत इतकं देणारी दुसरी वस्तू नाही.

पुढची आणि मागची काच रबरासकट काढल्याशिवाय हे काम नीट होत नाही, कारण अस्तराची कड काचेच्या चौकटीवर वळून रबराखाली जाते. काच न काढता कड रबरात खुपसून भागवलेली कामं बाजारात भरपूर दिसतात. पहिल्या उन्हाळ्यात ती सुटतात. टपाच्या पत्र्यावर आणि अस्तरावर मधोमध खडूची रेघ मारा. मागच्या काचेच्या मध्यावर आधी चिमटे लावा, मग पुढे मध्यावर, मग दोन्ही बाजूंच्या मध्यावर. कागदाच्या गठ्ठ्यांना लावतात ते मोठे काळे चिमटे तीसेक लागतील. सगळीकडे सारखा ताण आला की मगच गोंद, तोही एका वेळी फूट-दीड फूट, मध्यापासून कोपऱ्याकडे.

खरी कसोटी मागच्या काचेच्या वरच्या दोन कोपऱ्यांत लागते. तिथे पत्रा दोन दिशांना वळतो आणि रेक्झिन एकाच दिशेने ताण घेते, त्यामुळे पंख्यासारख्या चुण्या पडतात. हेअर ड्रायरने तेवढाच भाग मऊ करा, तिरपा ओढा, चिमटा लावा, गार होऊ द्या, आणि पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या ओढीला चुण्या कडेच्या पलीकडे सरकतात. कात्रीने कापा द्यायचेच असतील तर ते फक्त चौकटीच्या कडेमागे, आणि कडेपासून किमान पाच मिमी अलीकडे थांबणारे. कापा त्यापुढे गेला तर रबर बसवल्यावरही त्याचं टोक डोकावतं आणि मग उपाय उरत नाही. नळ्यांच्या टोकांचंही तसंच आहे: बाजूला ताण देताना थोडी थोडी उसवत जा, एकदम नको.

रेक्झिन आणि शिलाई

दुकानात ‘गाडीची’ म्हणून सोफ्याची रेक्झिन सर्रास विकली जाते. हाताला दोन्ही सारख्याच लागतात. सोफ्याच्या रेक्झिनमधलं मऊपणा देणारं तेल उन्हात लवकर उडतं, ते काचेवर आतून तेलकट धुकं होऊन बसतं आणि रेक्झिन कडक होऊन शिलाईच्या रेषेवर फाटते. ओळखायचं कसं? तुकडा दुमडून नखाने घडी दाबा आणि उघडा. पांढरी रेघ राहिली तर नको. पाठ बघा: सीटला विणीचं, थोडं ताणणारं कापड हवं. जाडी १ ते १.२ मिमी. त्याहून जाड घेतली की कोपरे वळत नाहीत आणि गोट शिवताना सुई मोडते.

पुढची-मागची सीट मिळून ५४ इंच पन्ह्याची आठ ते नऊ मीटर रेक्झिन लागते, चार दरवाज्यांना अजून तीन. सगळी एकाच रोलमधून घ्या, वर अर्धा मीटर जास्त. दुसऱ्या रोलचा तोच क्रमांक असला तरी रंगात फरक पडतो आणि तो उन्हात हमखास उठून दिसतो. मूळ रंग शोधायचा असेल तर सीटच्या खालच्या बाजूला दुमडून अडकवलेली पट्टी उलगडा. ऊन न लागलेला खरा रंग तिथेच मिळतो.

दोरा पॉलिस्टरचा. नायलॉन ताकदीला चांगला, पण उन्हाला पॉलिस्टर जास्त टिकतं. टाका ४ मिमीचा ठेवा. लहान टाके घातले की रेक्झिनवर तिकिटासारख्या छिद्रांची ओळ तयार होते आणि ती तिथूनच फाटते. घरचं शिलाई मशीन दरवाज्याच्या पॅडवरच्या एका थराला चालतं. सीटच्या गोटाशी चार थर एकत्र येतात, तिथे ते कापड सरकवू शकत नाही आणि टाके सुटतात. कापणी, खुणा, जुळवणी घरी करा आणि शिलाई तेवढी कुशनवाल्याकडून करून घ्या. हा कमीपणा नाही. यात पैसेही वाचतात, कारण कुशनवाल्याचा अर्धाअधिक वेळ मापं घेण्यात आणि कापण्यात जातो. फक्त प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर जुळणीच्या खुणा घालून द्या, दर दहा सेंमीला एक.

गादी

जुन्या सीटमध्ये वर रेक्झिन, मग काथ्याचा किंवा कापसाचा थर, मग गोणपाट आणि खाली स्प्रिंगा. बसलेल्या गादीला वरून फोमचा एक तुकडा ठोकणं हा फसवा उपाय आहे. स्प्रिंग मोडलेली असेल तर ती आठवड्याभरात फोमला भोक पाडते. आधी सगळी सीट उघडा, स्प्रिंगा एकेक दाबून बघा, सुटलेल्या जागा तारेने बांधा, सांगाड्याला गंज असेल तर घासून प्रायमर द्या. मग दुहेरी गोणपाट, त्यावर एक इंच काथ्याचा किंवा दाबलेल्या फोमचा थर, आणि वर ४० डेन्सिटीचा, म्हणजे घनमीटरला ४० किलो भरणारा, दोन इंची फोम. पाठीला ३२ पुरतो.

दुकानदार बोटाने दाबून ‘कडक आहे, टिकेल’ म्हणतो. कडकपणा आणि डेन्सिटी या वेगळ्या गोष्टी आहेत. हलका फोमही कडक बनवता येतो आणि तो सहा महिन्यांत बसतो. एक फूट बाय एक फूट बाय चार इंचाचा तुकडा वजनकाट्यावर ठेवा: ४० डेन्सिटीचा असेल तर वजन साधारण ३८० ग्रॅम भरतं. २५० ग्रॅम भरलं तर तो २६-२७ चा आहे, लेबल काहीही म्हणो.

रेक्झिन चढवण्याआधी शिवलेलं खोळ अर्धा तास उन्हात ठेवा. गरम खोळ ताणली जाते आणि गार झाल्यावर आवळून बसते. सांगाड्याला अडकवायला हॉग रिंग (पकडीने दाबून बंद होणारी तारेची कडी) आणि तिची खाचेची पक्कड घ्या, दर सात-आठ सेंमीला एक रिंग. बांधकामाची तार वापरली तर तिची टोकं आतून रेक्झिन कापतात.

दरवाज्याचे पॅड

पॅड खराब होण्याचं मूळ दरवाज्याच्या आत आहे. काचेच्या खाचेतून आणि पुढच्या दरवाज्यातल्या तिकोनी काचेच्या रबरातून पावसाचं पाणी आत जाणारच, तशीच रचना आहे. ते तळाच्या भोकांतून बाहेर पडावं अशी अपेक्षा असते. भोकं मातीने बुजली, किंवा पॅडमागचा प्लॅस्टिकचा पडदा कोणा मेकॅनिकने काढून फेकला, की ते पाणी थेट हार्डबोर्डला लागतं. म्हणून क्रम असा: आधी तळाची भोकं तारेने मोकळी करा, काचेची फेल्टची पट्टी आणि तिकोनी काचेचं रबर बदला, मग २०० मायक्रॉनचं पॉलिथिन ब्युटाइल टेपने (चिकट रबराची पट्टी) वरून आणि बाजूंनी चिकटवा. पॉलिथिनची खालची कड दरवाज्याच्या आत सोडा, म्हणजे त्यावरून ओघळणारं पाणीही आतच पडेल.

बोर्डासाठी ३ मिमी हार्डबोर्डच घ्या, तोही आधी दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कडांना व क्लिपांच्या भोकांना पॉलियुरेथेन वार्निशचे दोन हात देऊन. एमडीएफ नको, एकदा कड फुगली की ती कधी बसत नाही. पांढरा सनबोर्ड (फोमसारख्या पीव्हीसीची शीट) हलका आणि पाण्याला पक्का असतो, पण क्लिप त्यात धरत नाही, पॅड दुसऱ्यांदा काढताना भोकच उचकटतं. एबीएस या कठीण प्लॅस्टिकची शीट चांगली पण महाग, आणि तिच्यावर रेक्झिन धरायला आधी खरबरीत घासावं लागतं.

पॅड काढताना काचेच्या हँडलपाशी बहुतेकांचा धीर सुटतो. हँडलमागची चकती पॅडकडे दाबून धरली की मागची पिन किंवा क्लिप दिसते. पिन असेल तर बारीक पंचने हळू ठोकून काढा, क्लिप असेल तर फडक्याची पट्टी मागे घालून पुढे-मागे ओढा, ती उडून बाहेर येते, म्हणून समोर हात धरा. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं तर हँडल तुटतं, कारण ते जस्ताच्या ओतकामाचं, ठिसूळ असतं. त्याच कारणाने ही हँडलं स्वच्छ करायला बाथरूमचं ॲसिड वापरू नका, जस्त विरघळतं आणि क्रोम पापुद्र्यासारखं निघतं. साबणाचं पाणी, मऊ ब्रश आणि ब्रासो एवढंच.

स्टिअरिंग

जुन्या स्टिअरिंगचं कठीण प्लॅस्टिक आतल्या सळईपेक्षा जास्त आकसतं आणि आऱ्यांच्या जोडाशी चिरा पडतात. चीर नुसती वरून बुजवली तर महिन्याभरात परत दिसते. हॅक्सॉच्या पात्याने आणि तिकोनी कानशीने ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी सळईपर्यंत उघडा, वर तीन-चार मिमी रुंद. आतला गंज खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि भरा.

भरायला अराल्डाइट स्टँडर्ड किंवा एम-सील, दोन्ही चालतात. अराल्डाइट समप्रमाणात मिसळा. पकड सर्वांत चांगली, पण ते वाहतं, म्हणून चीर वरच्या बाजूला येईल असं स्टिअरिंग ठेवावं लागतं आणि रात्रभर हात लावता येत नाही. एम-सील रंग एकसारखा होईपर्यंत मळा, ते जागच्या जागी राहतं आणि आकार देता येतो. रुंद चिरांना आणि उडालेल्या तुकड्यांना आमची शिफारस तीच, बारीक चिरांना अराल्डाइट. पाच मिनिटांत सेट होणारी इपॉक्सी इथे टाळा, उष्णतेत ती लवकर मऊ पडते. डेंटरकडची पॉलिस्टर पुट्टीही नको, ती ठिसूळ असते आणि हाताच्या जोराने पुन्हा तडकते.

मग १२० च्या पेपरपासून २४०, ४०० करत ६०० पर्यंत घासा, इपॉक्सी प्रायमर, आणि वर दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग. डुको रंग हाताच्या घामाने आणि चोळण्याने वर्षभरात उडतो. पीयू रंगाच्या हार्डनरची वाफ फुप्फुसांना घातक आहे आणि साधा कापडी मास्क तिला अडवत नाही. प्रायमरपर्यंतचं काम घरी करून शेवटचा रंग पेंटरकडे मारून घेणं शहाणपणाचं. रंगल्यावर आठवडाभर वापरू नका. आणि स्टिअरिंग उतरवण्याआधी त्याच्या मध्यावर आणि दांड्यावर एकाच रेषेत खूण करा. हातोड्याने मागून ठोकू नका, स्टिअरिंग ओढून काढायचा पुलर भाड्याने मिळतो.

डॅशबोर्डचा रंग

रेक्झिन आणि प्लॅस्टिकच्या भागांना रंग देणारे स्प्रे चांगलं काम करतात, फक्त खालची तयारी नीट हवी. वर्षानुवर्षं फासलेलं चकचकीत डॅशबोर्ड पॉलिश बहुधा सिलिकॉनचं असतं. त्याचा अंश राहिला की रंग बसताक्षणी फाटतो, गोल गोल डोळे पडतात. साबणाचं पाणी आणि ब्रश, मग वॅक्स आणि सिलिकॉन काढणारं द्रावण, मग अल्कोहोल, आणि प्रत्येक वेळी नवं फडकं. कठीण प्लॅस्टिकला ॲडहेजन प्रमोटरचा (रंगाला पकड देणारं द्रावण) एक हात. रंग अगदी पातळ, धुक्यासारखा मारा, पहिल्या हातात खालचा रंग दिसला पाहिजे, दर दहा मिनिटांनी एक असे चार-पाच हात. जाड एका हातात मारलेला रंग चामड्यासारखी खोदनक्षी पूर्णपणे बुजवतो.

स्पीडोमीटरच्या छापील तबकडीला कोणतंही द्रावण लावू नका. कोरडा मऊ ब्रश, बस.

तळ आणि मॅट

मॅटखालचं जुनं ज्यूटचं फेल्ट काढा आणि परत घालू नका. ते पाणी महिनोन्‌महिने धरून ठेवतं. पत्रा तारेच्या ब्रशने उघडा करा, फॉस्फोरिक ॲसिडचा गंजरोधक लावा, सूचनेइतका वेळ थांबा, उरलेलं ॲसिड काढून पत्रा पूर्ण सुकू द्या, आणि मग इपॉक्सी प्रायमर. नुसता रेड ऑक्साइड ओलावा आत सोडतो, वर रंगाचा थर नसेल तर तो तळाला पुरत नाही. बोटाने दाबून पत्रा लवत असेल तर त्यावर कुठलंही रसायन नको, तिथे वेल्डिंगच हवं.

आवाज आणि उष्णता कमी करायला ॲल्युमिनियमच्या पाठीची २ मिमी ब्युटाइल शीट. सगळा तळ झाकायची गरज नाही. सपाट भागांचा निम्मा भाग झाकला तरी पत्र्याचा खणखणाट थांबतो. डांबराच्या स्वस्त शीट घेऊ नका, मेमध्ये त्या मऊ होऊन सरकतात आणि गाडीत डांबराचा वास कायमचा राहतो. हातोडीने नव्हे, रोलरने दाबा. फॉइलवरची नक्षी सपाट झाली म्हणजे शीट बसली. त्यावर ६ मिमी नायट्राइल रबराचा बंद छिद्रांचा फोम, आणि वर रबरी मॅट मोकळी, न चिकटवता. तळातले रबरी बूच नवे घाला, आणि त्यांच्यावर शीट चढवू नका.

माल कुठे

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ. हँडल, चकत्या, पट्ट्या, आरसे यांसाठी पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, सकाळी लवकर गेलेलं बरं. जुना भाग सोबत न्या, फोटो पुरत नाही. हँडलच्या आतल्या दातांची संख्या आणि चौकोनी-गोल भोक जुळवून बघा. जुनी रबरं मात्र कितीही चांगली दिसली तरी घेऊ नका. वाकवून बघा, आतल्या बाजूला बारीक चिरांचं जाळं दिसतंच. काचेची रबरं, फेल्टच्या पट्ट्या आणि दरवाज्याच्या चौकटीचं बीडिंग नवंच घ्या, तेही टपाचं अस्तर लावायच्या आधी घरात आणून ठेवा. काचा काढलेली गाडी रबराची वाट बघत उघडी उभी राहिली, तर एका अवकाळी पावसात सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं.